मोठी वार

"मॅडम, वार जरा जास्तच मोठी आहे," सिस्टर म्हणाल्या. वार म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती प्लासेंटा. मी बाळापाशी होते. पस्तिसाव्या आठवड्यातच जन्मलेला मुलगा, वजन 1.7 किलो. तळहात-तळपायांची सालं निघत होती. पोट चाचपलं, तर यकृत आणि प्लीहा दोन्ही हाताला लागले. वार मोठी, फिकट आणि जाड, म्हणजे मनात पहिलं नाव सिफिलिसचं, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आणि आईकडून पोटातल्या बाळाला होणाऱ्या आजाराचं.

आई ऊसतोडीला आलेली, बीडकडची. गावी नाव नोंदवलं तेव्हा सिफिलिसच्या तपासणीचं किट संपलेलं. "पुढच्या वेळी या" म्हणाले, आणि त्याआधीच टोळी निघाली. आम्ही व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी केली. आईचं टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, 1:16, बाळाचं 1:64. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात उतरतातच, म्हणून नुसत्या पॉझिटिव्हवर काही ठरत नाही. पण चौपट म्हणजे लागण बाळाचीच. एक्स-रेमध्ये हाडांच्या टोकांनाही बदल दिसले. हात उचलला की तो का कळवळायचा, ते तेव्हा कळलं.

दहा दिवस क्रिस्टलाइन पेनिसिलिन लिहिलं, आठवडाभर दर बारा तासांनी 85,000 युनिट, मग दर आठ तासांनी.

सासूबाईंना चहाला पाठवून मी आईशी बोलले. 'गरमी' हा या आजाराचा गावाकडचा शब्द मुद्दाम टाळला. त्या शब्दाचा सगळा दोष गावात बाईवरच येतो. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मॅडम, माझी आधीची दोन गेली. एक सातव्यात पोटातच, एक तिसऱ्या दिवशी. ती पण यानंच का?"

त्या बाळांची तपासणी कुणी केलीच नव्हती. मी म्हणाले, "बहुतेक हो, ताई." ती रडली नाही. "मला वाटायचं, माझ्याच वजन उचलण्यानं," एवढंच म्हणाली.

तिला बेन्झाथाइन पेनिसिलिनची 24 लाख युनिटांची तीन इंजेक्शनं द्यायची होती, आठवड्याच्या अंतरानं. प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी हीच सुरू झाली असती तर! त्याचा राग मला अजून येतो.

नवरा आधी "मला काय झालंय?" म्हणत अडला. त्यानंही इंजेक्शन घेतलं नाही तर तिला पुन्हा लागण होईल, हे समजावलं. मग तिन्ही वेळा खाडा सोसून आला.

ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडला तेव्हा मी गावाकडच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली: तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात टायटर बघा. तिनं ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, बाळाच्या कार्डाला लावून ठेवली.