चिखलबाजारातला बंब

पेजर वाजला तेव्हा तो पोरगा मंचावर गोधडीचं एक टोक धरून उभा होता. विशीतला असेल. काळी हॅट, पँटला गॅलिस, दाढी नाही. म्हणजे लग्न व्हायचंय. आमिश म्हणजे अमेरिकेतला, जुन्या चालीने राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांचे पुरुष लग्नानंतरच दाढी राखतात, मिशी मात्र कधीच नाही. त्याने ते टोक शेजारच्याच्या हातात कोंबलं, मंचावरून उडी मारली आणि चिखल उडवत पळाला. लिलाव पुकारणाऱ्याने दमसुद्धा घेतला नाही. चारशे, सव्वाचारशे, साडेचारशे...

मी त्या पोराच्या मागे निघाले. ताई ओरडली, "अगं, कुठे चाललीस?" पण गोधड्या बघून माझे डोळे शिणले होते आणि पाय गारठले होते.

न्यूजर्सीतल्या तीन आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मॉल पाहिले, देऊळ पाहिलं, ताईच्या हातची भरली वांगी खाल्ली. पेनसिल्व्हेनियातल्या गॉर्डनव्हिलला जायची कल्पना भाऊजींची. वाटेत अडीच तास त्यांनी इतिहास सांगितला. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून आग विझवणारी मंडळी उभी केली, वगैरे. मी निम्मा वेळ झोपले होते.

मार्चमधल्या या जत्रेला 'मड सेल', म्हणजे चिखलबाजार म्हणतात आणि हे नाव अगदी शब्दशः खरं आहे. थंडीत गोठलेली जमीन सुटते आणि शेताचा नुसता राडा होतो. त्याच राड्यात गाडी लावायला लागली. बहिणीने हौसेने घेऊन दिलेले पांढरे बूट पहिल्या दहा पावलांत गेले. गर्दी म्हणाल तर आषाढीची आठवण व्हावी. बग्ग्या, घोडे, नांगर, जुनी अवजारं, गोधड्या, सगळ्याचा एकाच वेळी चार ठिकाणी लिलाव, आणि पैसा जातो गावच्या अग्निशमन दलाला. सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही.

तो पोरगा बंबांच्या शेडकडे गेलाच नाही. शेडमध्ये त्या दिवशी चिकन-कॉर्न सूपची पातेली होती, बंब बाहेर रस्त्याकडेला तोंड करून लावलेले. त्याने हॅट काढून एका बाईच्या हातात दिली, गॅलिससकट तो जाड कोट अंगात चढवला, शिरस्त्राण घातलं आणि मागच्या सीटवर बसला. दाढीवाले दोघे आधीच आत होते. स्टिअरिंगवर मात्र टोपीवाला, जीन्समधला माणूस.

फोटोसाठी मी फोन काढला होता. हॅट धरून उभ्या असलेल्या त्या बाईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी फोन खिशात घातला आणि उगाच सूपच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

मागे राहिलेल्या टँकरजवळचा म्हातारा ड्रायव्हर मात्र बोलका निघाला. आमिश लोक मोटार बाळगत नाहीत, चालवत नाहीत. पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायला हरकत नसते. म्हणून बंब चालवायचा 'इंग्लिश' माणसाने आणि शिडीवर चढायचं त्यांनी. आमिश नसलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी इंग्लिश. आमचे कराडचे भाऊजीसुद्धा! हे ऐकून ते दिवसभर खूश होते. घरात फोन नसतो, पण कमरेला पेजर चालतो. मी विचारलं, बंबापर्यंत पोचतात कसे? कुणी पळत, कुणी पायाने रेटायच्या स्कूटरवर, कुणाला शेजारी उचलतो, कुणाला वाटेत बंबच घेतो.

म्हाताऱ्याची तक्रार वेगळीच होती. राज्यात 1970 च्या दशकात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते, आता चाळीस हजारही उरलेले नाहीत. इंग्लिश तरुण दिवसा शहरात नोकरीला. आमिश मात्र शेतावर नाहीतर सुतारकामाच्या शेडमध्ये, हाकेच्या अंतरावर. भर दुपारी कोठार पेटलं तर येणार कोण?

आणि कोठारं पेटतात. चारा ओलसर असताना कोंबला की आतल्या आत तापतो आणि एक दिवस भडकतो. रस्त्यावर नळ नाहीत, म्हणून टँकरने पाणी वाहायचं. आगीजवळ घडीची टाकी उघडून टँकर तिच्यात रिकामा करायचा, तो तळ्यावर भरायला पळतो, तोवर पंप टाकीतलं पाणी ओढतो. आपल्याकडच्या शेततळ्याच्या कागदासारखंच ते प्रकरण दिसत होतं.

मला काकांची कडब्याची गंजी आठवली. मी नववीत होते. तालुक्याचा बंब आला तो दोन तासांनी, राखेवर पाणी मारायला. कुठला तालुका ते सांगत नाही. तोवर अख्खी आळी विहिरीवर कळश्या घेऊन धावत होती आणि काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "म्हशीला सोडा, आधी म्हशीला सोडा." त्या आळीला कुणी एक पंप दिला असता तर? हा प्रश्न मला त्या चिखलात उभं राहून पहिल्यांदा पडला. इतकी वर्षं मी नुसतीच बंबाच्या नावाने बोटं मोडत आले होते.

सूप बरं होतं. आपल्या जिभेला अळणी, पण गरम. डोनट मात्र दोन खाल्ले.

पाऊण तासाने बंब परतला. चिमणीतली आग, लवकर आटोक्यात आली म्हणे. पोरगा उतरला, कोट जागेवर टांगला, त्या बाईकडून हॅट घेतली. आई असावी, तिने त्याच्या गालावरची काजळी ओल्या अंगठ्याने पुसली. त्याने मान मागे घेतली, कुठलाही विशीतला पोरगा घेईल तशी. मग तो मंचावर चढला. निळ्या-जांभळ्या चौकटींची दुसरी गोधडी चालू होती. त्याने शेजाऱ्याकडून टोक परत घेतलं.

ती गोधडी भाऊजींनी घेतली. किती डॉलरला, ते ताई अजून सांगत नाही.