हेलिओस ४४-२ अपडेट: भिंत, भाकरी आणि फंगस

मागच्या वेळी म्हणालो होतो भिंत टेस्ट (सपाट भिंतीचा फोटो काढून लेन्स कोपऱ्यांपर्यंत शार्प आहे का बघणं) करून सांगतो, तर केली एकदाची. नवीन लोकांसाठी: सोव्हिएत काळातली लेन्स, फोकल लेंथ ५८ एमएम, सगळ्यात मोठं छिद्र एफ/२ (आकडा वाढला की छिद्र लहान), एम४२ माउंट म्हणजे जुनी स्क्रूची जोडणी, अडॅप्टर लावून २४ मेगापिक्सेल फुलफ्रेम कॅमेऱ्यावर. आत कडेला फंगसचा (बुरशीचा) एक धागा आहे, विकणाऱ्याने "एकदम क्लीन पीस" सांगितलेलं, असो.

सोसायटीच्या विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला, टायमर दोन सेकंद. एफ/२ ला मध्यभाग ठीक आणि कोपरे म्हणजे पिठलं. एफ/५.६, एफ/८ ला छान, एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो) परत सगळंच जरा मऊ. पण उजवी बाजू डावीपेक्षा जास्त सॉफ्ट दिसत होती, म्हटलं बोंबला, डीसेंटर्ड आहे, म्हणजे आतली काच मध्यापासून सरकलेली. मग कॅमेरा उलटा करून परत काढला तर सॉफ्टपणा फ्रेमच्या डावीकडे गेला, म्हणजे भिंतीची बाजू तीच. कॅमेराच भिंतीला समांतर नव्हता, लेन्स बिचारी उगाच बदनाम. फ्रेमची तीच बाजू खराब राहिली असती तर मात्र लेन्स नाहीतर अडॅप्टर.

आता खरी फजिती. आई भाकरी थापताना खिडकीच्या उजेडात काढलेले तीसेक फोटो, १०० टक्क्यांवर (फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर) बघितले तर सगळे मऊ, लेन्सला मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं की जुनी लेन्स कॅमेऱ्याला फोकल लेंथ सांगत नाही, स्टॅबिलायझरसाठी (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) मेनूत आपण टाकायची असते आणि माझी आधीच्या लेन्सची २८ तशीच राहिलेली. वर शटर १/६० सेकंद, थापणारे हात हलणारच की. शिवाय एक मीटरवर एफ/२ ला फोकसमध्ये राहतं जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, आई तव्याकडे वाकली की संपलं. दुसऱ्या दिवशी ५८ टाकलं, १/२५०, एफ/२.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू दिला, आणि तीच लेन्स, पण भुवईचे केस मोजून घ्या.

आणि ते १०० टक्के प्रकरण. माझ्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ६००० पिक्सेल म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट रुंद फोटो, तो आपण दीड फुटावरून बघतो आणि कोपरे खराब म्हणून रडतो. १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढली, भिंतीला लावली, कोपऱ्यात डब्यांची अंधारी फळी आहे, तिकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. आईला एकच खटकलं, मागे पडलेलं फडकं.

पण सगळे दोष माफ, असंही नाही हां. रविवारी पर्वतीच्या पायऱ्यांवर सूर्य समोर घेऊन काढले तर काळा रंग राखाडी, सगळ्यावर दुधाळ पडदा. यात फंगस किती आणि काचेवरचं जुनं कोटिंग (चमक कमी करणारा थर) किती ते वेगळं काढता येत नाही मला, हाताने सावली धरली की बराच फरक पडतो एवढं नक्की. पुढच्या काचेवरच्या धुळीचं मात्र टेन्शन सोडा, मी मुद्दाम कागदाचा बारीक कपटा चिकटवून बघितला, एफ/२ ला फोटोत कुठेच सापडला नाही.

सध्या लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात आहे, सिलिका जेल टाकून. पाऊस सुरू व्हायच्या आत साफ करायला देतो, मग त्याच पायऱ्या, तोच सूर्य, आधीचे-नंतरचे टाकतो.