सकाळी ९ वाजून ३१ मिनिटं

२६ ऑगस्ट २०२५, हरतालिकेचा दिवस. दुपारी सिन्नरच्या एका कारखानदाराचा फोन आला. वाळवलेल्या कांद्याच्या चकत्यांचा वीस फुटी कंटेनर सील होऊन न्हावा शेवाकडे निघाला होता, माल न्यूयॉर्कचा. "साहेब, उद्या सकाळच्या आत बोटीवर चढला तर जादाचे २५ टक्के वाचतात ना?"

ऐकीव माहिती खरी होती, पण अर्धी. रशियन तेलाच्या खरेदीचं कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर लावलेला हा २५ टक्के जादा आयात कर तिकडच्या वेळेने रात्री १२ वाजून १ मिनिटाला लागू होणार होता. म्हणजे आपल्याकडे ९:३१, ऐन गणपती बसवायच्या वेळी. वाटेतल्या मालाला सवलत होती, पण अटी दोन. त्या मिनिटाआधी माल शेवटच्या बोटीवर चढलेला हवा, आणि १७ सप्टेंबर उजाडायच्या आत तिकडच्या कस्टम्सला एन्ट्री झालेली हवी. दुसरी अट कुणी वाचतच नाही. आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या बोटीला महिन्याच्या वर लागतो. त्यात कोलंबोला बोट बदलली, तर तिथे चढल्याची वेळ धरतात. उरलं विमान. कांद्याला विमानभाडं कोण देणार?

मग हिशेब मांडला. माल ३०,००० डॉलरचा धरा. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून आधीच लागू असलेल्या २५ टक्क्यांचे ७,५००, उद्यापासून तेवढेच आणखी. मूळ ड्युटी निराळी. इनव्हॉइसवर बोटभाडं वेगळं दाखवलं तर त्यावर ड्युटी बसत नाही, एवढाच दिलासा. पण सौदा डीडीपीचा, म्हणजे तिकडची ड्युटीसुद्धा विकणाऱ्याने भरायची.

"मग ती डब्ल्यूटीओ कशाला आहे?" त्यांनी वैतागून विचारलं.

डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना. तिथे कागदावर आपली बाजू पक्की आहे. गॅटच्या, म्हणजे तिच्या मालव्यापाराच्या कराराच्या, कलम १ प्रमाणे सगळ्या सदस्यांना सारखा दर, कलम २ प्रमाणे बांधून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कर नाही. मात्र तक्रार कारखान्याला करता येत नाही, सरकारने करायची. ६० दिवस बोलणी, मग पॅनेल, म्हणजे निकाल देणारी समिती, मग अपील. आणि गाडी अडते ती अपिलात. तिथे ७ सदस्य असायला हवेत, सुनावणीला किमान ३ लागतात. नेमणुकीला मात्र सगळ्या देशांची संमती लागते. अमेरिकेने ती अडवून धरली आणि ११ डिसेंबर २०१९ पासून तिथे कोरमच, म्हणजे सुनावणीपुरते सदस्यच, नाही. पोलाद-ॲल्युमिनियमवरचे अमेरिकी कर नियमबाह्य असल्याचं पॅनेलने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारीत अमेरिकेने या रिकाम्या बाकापुढे अपील ठेवलं. फाईल तिथेच. ज्याला आवर घालायचा त्याच्याच सहीने न्यायाधीश नेमायचे, ही या व्यवस्थेतली मूळ खोट आहे.

निकाल हातात पडला तरी वसुली कशी करणार? शिक्षा म्हणजे जिंकलेल्या देशाने उलट कर लावायचा किंवा सवलती थांबवायच्या. अँटिग्वाला ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात २००७ मध्ये अमेरिकेविरुद्ध वर्षाला २.१ कोटी डॉलरचा हक्क मिळाला. एवढ्याशा बेटाने अमेरिकी माल महाग केला तर भुर्दंड बेटावरच्याच लोकांना.

कारखानदारांना पुढचं आवडलं नाही, तरी सांगितलं. आपणही तेच केलंय. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा किमान दर, आणि साखरेची निर्यात मदत यांवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमालाच्या तक्रारीवरून डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याविरुद्ध निकाल गेला. लगेचच आपण त्याच रिकाम्या बाकापुढे अपील केलं. निफाडपासून कोल्हापूरपर्यंत तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या मते मोठ्यांना लगाम हवाच, नेमणुका बहुमताने व्हाव्यात. पण मग उसाचा निकालही सोसावा लागेल.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या या नव्या करांवर पहिला ठोस घाव जिनिव्हातून, म्हणजे डब्ल्यूटीओतून, आलाच नाही. २८ मे २०२५ रोजी न्यूयॉर्कमधल्या अमेरिकेच्याच व्यापार न्यायालयाने ७ ऑगस्टच्या करांना आधार असलेला राष्ट्राध्यक्षांचा अधिकारच नाकारला. त्याला स्थगिती मिळाली, वसुली चालू राहिली.

कंटेनर घाई न करता ठरल्या बोटीने पाठवायचा ठरला. संध्याकाळी पुढच्या खेपेच्या प्रोफॉर्मावर, म्हणजे सौद्याच्या कच्च्या बिलावर, डीडीपी खोडून एफओबी केलं, म्हणजे बोटीवर माल चढवेपर्यंतचीच जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ड्युटी खरेदीदाराची, ही ओळ ठळक अक्षरात घातली.