रिकामा कोपरा

मे महिन्यात सांगलीला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली होती आणि ताईचा मुलगा दिवाणावर पालथा पडून फोनवर बीजीएमआय हा बंदुकीचा गेम खेळत होता. पाणी प्यायला उठलो, तेव्हा जाता जाता त्याच्या फोनकडे नजर गेली. डोंगराआडच्या माणसांभोवती लाल चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीवर अंतराचा आकडा, १४२ मीटर, ८७ मीटर. बंद घरात दबा धरून बसलेलेसुद्धा दिसत होते. मी थांबलोय हे कळताच त्यानं फोन छातीशी धरला.

"ईएसपी आहे ना हे? लपलेली माणसं दाखवणारं चोरीचं अ‍ॅप?"

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सगळीच लावत्यात मामा. आपण न्हाई लावलं तर आपणच मरतोय."

चौदा वर्षांचा आहे तो. थाप मारत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. हे वाक्य ऐकून मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं त्या लाल चौकटी बघून वाटलं नव्हतं.

मी काउंटर-स्ट्राइक हा कॉम्प्युटरवरचा बंदुकीचा गेम शिकलो २००६ साली, विश्रामबागच्या एका कॅफेत. दहा मशीन, तासाला पंधरा रुपये, डबा मॉनिटर. माउसच्या गोळीखालचा मळ नखानं खरवडल्याशिवाय नेम लागायचा नाही. मॅप कायम एकच, डस्ट टू. एका रविवारी चार नंबरच्या मशीनवरचा मुलगा मॅपच्या मधोमध असलेल्या दारांमधून आम्हाला टिपायला लागला. आम्ही दाराआड, आवाज न करता चालतोय, तरी गोळी बरोबर डोक्यात. दोनदा झालं तेव्हा त्याचं कौतुक केलं. पाचव्यांदा झालं तेव्हा सगळ्यांनी हेडफोन काढले.

कॅफेवाले अण्णा काउंटरवरून उठले आणि त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. दोन मिनिटं नुसते बघत राहिले. त्याच्या पडद्यावर भिंती काचेसारख्या झाल्या होत्या. गेमच्या फोल्डरमध्ये ओपनजीएल३२ नावाची एक फाइल आणून टाकली की हे व्हायचं, त्या काळी पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरायची ती. अण्णा म्हणाले, "भिंतीतनं दिसतंय व्हय रं तुला? ऊठ." त्याची वीस मिनिटं उरली होती, त्यांनी पाच रुपये परत दिले. तो मुलगा आमच्या सगळ्यांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. महिन्याभरानं परत आला, आठवडाभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागं उभा राहून बघत होता, मग एक दिवस अण्णांनी त्याला मशीन दिलं. त्यानंतर तो आमच्याबरोबर दोन वर्षं खेळला. चांगला खेळायचा.

रडीचा डाव पूर्वीही होताच. फरक एवढाच की तेव्हा शेजारची खुर्ची होती. आज माझ्यासमोर खेळणारा कुठं बसलाय ते मला माहीत नाही, आणि त्याच्यामागं कुणीच उभं नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला एक्स्ट्रीम्सलँड नावाच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया हा आपला संघ व्हिएतनामच्या संघाशी खेळत होता. मोठ्या परदेशी नावाखाली भारतीय पोरं काउंटर-स्ट्राइक खेळतायत याचं आम्हा जुन्या खेळाडूंना केवढं अप्रूप होतं! सामना मध्येच थांबला. अ‍ॅडमिन एका खेळाडूच्या खुर्चीशी आला आणि त्याच्या मशीनवर नेम आपोआप लावून देणारं सॉफ्टवेअर सापडलं. फाइलचं नाव होतं 'वर्ड'. अ‍ॅडमिन उभा असताना खेळाडू ती लपवायची धडपड करत होता. संघ बाद झाला, मालकांनी अख्खा संघ मोडला आणि त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. मी ते व्हिडिओ रात्री ऑफिसच्या कॅबमध्ये बघितले. मला सारखे आठवत होते ते बाकीचे चौघे. त्यांचीही जागा गेली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बाहेरचे खेळाडू भारतीय नाव दिसलं की चॅटमध्ये 'वर्ड डॉट ईएक्सई' असं लिहायचे. माझ्यासाठीही लिहिलंय.

ही चोरी थांबवणं अवघड का आहे, ते पालकांना सांगायला हवं असं मला वाटतं. भिंतीमागचा शत्रू तुमच्या पडद्यावर दिसत नसला तरी त्याची जागा बहुतेक वेळा तुमच्या मशीनला माहीत असते. सर्व्हर ती आधीच पाठवून ठेवतो, नाहीतर कोपऱ्यावरून तो बाहेर पडताना नेटच्या विलंबामुळं अचानक हवेतून उगवल्यासारखा दिसेल. वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचं दाखवणारा चीट, काही नवीन शोधून काढत नाही, आपल्याच मशीनच्या मेमरीत पडलेली माहिती उचलून रंगवतो. म्हणून २०२० साली व्हॅलोरंट हा असाच बंदुकीचा गेम आला तेव्हा त्याच्या सर्व्हरनं शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा पाठवायचीच नाही अशी व्यवस्था केली. सोबत व्हॅनगार्ड हा चीट पकडणारा प्रोग्राम दिला, जो विंडोज सुरू होतानाच मशीनच्या गाभ्यात जाऊन बसतो. त्यावर खूप आरडाओरडा झाला. एका गेमसाठी कंपनीला एवढं आत का घ्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः तो ठेवलाय, पण बँकेची कामं त्या मशीनवर करत नाही. चोरही तिथं थांबले नाहीत. आता मेमरी वाचणारं कार्ड मशीनमध्ये बसवतात आणि चीट चालतो शेजारच्या दुसऱ्याच कॉम्प्युटरवर.

मार्च २०२४ मध्ये एपेक्स लेजंड्स या गेमच्या स्पर्धेत, उत्तर अमेरिकेच्या अंतिम फेरीत तर सामना चालू असतानाच दोन नामांकित खेळाडूंच्या मशीनवर बाहेरच्या कुणीतरी चीट चालू करून दिले. एकाला भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, दुसऱ्याला मिळाला एमबॉट, म्हणजे नेम आपोआप लावून देणारा चीट. खुर्चीत बसलेल्यांनी काहीच केलं नव्हतं. स्पर्धा पुढं ढकलावी लागली.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट सीएसगोमध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या नंतरच्या आवृत्तीत होती. ओव्हरवॉच, २०१३ पासूनची. तक्रार आलेल्या खेळाडूच्या सामन्याचं रेकॉर्डिंग अनुभवी खेळाडूंकडे यायचं, नाव झाकलेलं, नुसतं 'सस्पेक्ट'. त्याच्याच डोळ्यांनी काही राउंड बघायचे आणि निर्णय द्यायचा. म्हणजे अण्णांसारखं खुर्चीमागं उभं राहणंच ते. मी कामावरून आल्यावर रोज एक-दोन प्रकरणं बघायचो.

एक प्रकरण चांगलं आठवतं. सस्पेक्ट बी टनेलमधून, म्हणजे बी साइट या मोक्याच्या जागेकडे जाणाऱ्या बोगद्यातून येत होता. त्याच्या हालचालीत तसं काहीच नव्हतं. नेम साधा, दोनदा चुकलासुद्धा. मी 'पुरावा अपुरा' म्हणून मोकळा होणार होतो. मग लक्षात आलं, साइटवर शिरताना तो उजवीकडच्या कोपऱ्याकडे बघतच नाहीये. तिथं कुणी नव्हतं. पुढच्या राउंडला त्याच कोपऱ्यात एक जण बसला होता, तेव्हा मात्र हा आत शिरायच्या आधीच तिकडे वळला. मी आठही राउंड परत बघितले. एकाही रिकाम्या कोपऱ्यात त्यानं डोकावलं नव्हतं. प्रामाणिक खेळाडूला माहीत नसतं, म्हणून तो रिकामे कोपरेही तपासत जातो. त्यातले बरेच सेकंद वाया जातात, आणि त्या वाया जाण्यालाच तर आम्ही खेळ म्हणतो.

भाच्याला मी हेच सांगितलं. रागावलो नाही. ईएसपीवाल्या चॅनेलनं इन्स्टॉल करताना प्ले प्रोटेक्ट हे फोनमधलं घातक अ‍ॅप अडवणारं संरक्षण बंद करायला लावलं होतं आणि त्याच फोनवर ताईचे बँकेचे मेसेज येतात, हे कळल्यावर मात्र घाम फुटला. ईएसपीचे तीनशे रुपये मित्राच्या भावाच्या यूपीआयवरून गेले होते. ताईसमोर बसून फोन रिसेट केला, सगळे पासवर्ड बदलले. आठवडाभरात गेममधलं त्याचं जुनं खातंही बंद झालं. रडला तो. दोन वर्षं जमवलेल्या स्किन, म्हणजे गेममधले कपडे आणि बंदुकांचे रंग, गेल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "मामा, हितं बस की." मी दिवाणावर त्याच्या शेजारी टेकलो. नवीन खातं, साधी बंदूक, चौकटी नाहीत. प्रत्येक खोलीत घाबरत घाबरत शिरत होता, दाराआड बघत होता, जिन्याखाली बघत होता. बहुतेक ठिकाणी कुणीच नव्हतं. शेवटी एका झाडामागं आडवा पडला आणि कुठूनतरी गोळी येऊन संपला.

"बघ! हॅकर हुता त्यो."

"रिप्ले लाव."

डेथ रिप्लेमध्ये आम्ही दोघांनी मारणाऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं. तो टेकडीवरून आधी एका दगडामागं बघत होता, मग एका पडक्या भिंतीमागं. दोन्हीकडे कुणी नव्हतं. मग त्याची दुर्बीण झाडाकडे वळली आणि थांबली.

"न्हाई रे," मी म्हणालो, "तुझा पाय दिसत होता."

त्यानं रिप्ले मागं घेतला आणि परत बघायला लागला.