तुम्ही विचारलंत म्हणून : तयार मॉड्यूल मिळत असताना स्वतःचा बोर्ड कशासाठी?

खोलीचे तापमान, आर्द्रता आणि उजेड मोजणाऱ्या छोट्या डब्या मी घरी तयार करतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या संगणक-चिपचा तयार बोर्ड मिळतो, सेन्सरचे मॉड्यूल मिळते, चार वायरी जोडल्या की काम होते. मग वेगळा सर्किट बोर्ड काढून घेण्याचा खटाटोप कशाला? नीटनेटकेपणासाठी किंवा पैसे वाचावेत म्हणून मी हे करत असेन, असा विचारणाऱ्यांचा अंदाज असतो. ते फायदे आहेतच, पण माझ्या लेखी खरे कारण उष्णता हे आहे.

ईएसपी३२-सी३ ही चिप वाय-फायवर नुसती ऐकत बसली तरी साधारण ८५ मिलीअँपिअर प्रवाह घेते. पाच व्होल्टच्या चार्जरवरून साध्या लिनिअर रेग्युलेटरमार्फत (जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवून ते उतरवणाऱ्या भागामार्फत) तिला वीज दिली, तर डबीत सतत चारदशांश वॅटहून थोडी अधिक उष्णता तयार होत राहते. आकडा किरकोळ वाटतो. पण तळहाताएवढ्या बंद प्लॅस्टिकच्या डबीतली हवा दोनतीन अंशांनी तापायला तेवढी पुरते. एसएचटी४०सारख्या सेन्सरची अचूकता ०.२ अंशाची असते, आणि त्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजलेले असतात. ते सगळे इथे वाया जातात. आर्द्रतेचे तर त्याहून वाईट होते, कारण सापेक्ष आर्द्रता तापमानावर अवलंबून असते. खोलीत २८ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल आणि सेन्सरजवळची हवा ३० अंशांवर गेली असेल, तर तो ६२ टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवतो. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते आहे का हे पाहायला बसवलेल्या डबीने असा दिलासा देणे मला मान्य नाही.

यावर सॉफ्टवेअरमध्ये दोन अंश वजा करण्याचा उपाय बरेचजण सुचवतात. पण ही चूक स्थिर नसते. छताचा पंखा चालू असला की डबी थंड राहते, पंखा बंद झाला की तापते, आणि वाय-फायवर किती माहिती जाते त्यानुसारही फरक पडतो. एकच ठरावीक आकडा वजा करून दिवसरात्र खरे तापमान हाती लागत नाही.

स्वतःच्या बोर्डावर मात्र उष्णतेची वाट आपण ठरवू शकतो. बोर्डावरच्या तांब्याच्या थराची जाडी जेमतेम ३५ मायक्रॉन असते, परंतु तांबे हे फायबरग्लासच्या पाट्यापेक्षा हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून बोर्डभर पसरलेला ग्राउंडचा (विजेच्या परतीच्या वाटेचा) तांब्याचा थर सेन्सरखालपर्यंत आला, तर चिपची उष्णता तो थेट सेन्सरपर्यंत पोहोचवतो. मी सेन्सर बोर्डाच्या अगदी खालच्या टोकाला ठेवतो, त्याच्या तिन्ही बाजूंनी आरपार खाच काढून जिभेसारखी एक अरुंद पट्टी शिल्लक ठेवतो, तिथला ग्राउंडचा थर काढून टाकतो आणि त्या पट्टीवरून वीज, ग्राउंड, डेटा व क्लॉक असे चारच बारीक ट्रॅक जाऊ देतो. तापणारी चिप आणि रेग्युलेटर वरच्या टोकाला असतात. गरम हवा वर चढते, म्हणून डबीला खाली आणि वर दोन्हीकडे भोके ठेवली की बाहेरची ताजी हवा आधी सेन्सरवरून जाते. चिपचा अँटेनाही वरच्या कडेवर येतो आणि त्याच्या आसपास तांबे ठेवायचे नसतेच, त्यामुळे दोन्ही गरजा एकाच मांडणीत भागतात.

आता खर्चाविषयी. दोन थरांचा, १.६ मिलिमीटर जाडीचा आणि १०० गुणिले १०० मिलिमीटरच्या आत बसणारा बोर्ड चिनी कारखाने अत्यंत स्वस्तात करून देतात. बोर्डापेक्षा पार्सलचा खर्च आणि सीमाशुल्कच जास्त भरते, म्हणून गरज असेल तेवढे बोर्ड एकदमच मागवावेत. सुटे भाग ०८०५ आकाराचे (साधारण दोन मिलिमीटर लांबीचे) घेतले तर ते साध्या सोल्डरिंग आयर्नने हाताने लावता येतात. वेगवेगळ्या मूल्यांचे रेझिस्टरही मी शक्य तेवढे कमी ठेवतो. यूएसबी-सी सॉकेटच्या दोन्ही सीसी पिनांना (उपकरण जोडले आहे हे चार्जरला कळवणाऱ्या पिनांना) प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लागतोच (तो नसेल तर जुन्या चौकोनी पिनेच्या केबलवर बोर्ड चालतो, आणि दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर वीजच येत नाही, त्यामुळे दोष सहज लक्षात येत नाही), तर तोच रेझिस्टर सेन्सरच्या डेटा आणि क्लॉकच्या पुल-अपसाठीही (त्या तारा एरवी पुरवठ्याच्या व्होल्टेजला धरून ठेवण्यासाठीही) उत्तम चालतो.

बोर्ड काढण्यापूर्वी डबी ठरवावी, हा माझा आग्रह आहे. तयार एबीएस प्लॅस्टिकची डबी विकत आणून तिच्यातल्या स्क्रूच्या खुंट्यांची अंतरे आणि आतली उंची कॅलिपरने मोजावी, आणि मग कायकॅडमध्ये त्या मापाची बाह्यरेषा आखावी. कायकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली ते सुरू केले आणि या कामाला लागणारे सगळे त्यात आहे. आराखडा पूर्ण झाल्यावर तो कागदावर मूळ मापात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून डबीत बसवून पाहावा. यूएसबीचे तोंड डबीच्या भोकासमोर येते का आणि झाकण लागते का, हे पुठ्ठ्यावरच कळते.

ज्यांना एकच डबी हवी आहे, त्यांना मात्र मी बोर्ड काढायला सांगत नाही. त्यांनी तयार मॉड्यूलच घ्यावे. फक्त सेन्सर डबीत कोंडू नये, तर वीतभर वायरीवर डबीच्या बाहेर, खालच्या बाजूला लोंबता ठेवावा.