दरोडा पडला की पोलीस आधी पालावरच का येतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी बीडला फौजदारी वकिली करतो. पारधी वस्तीतली कॉलेजात जाणारी पोरं भेटली की हाच प्रश्न टाकतात: "साहेब, शिवारात कुठंही दरोडा पडू द्या, गाडी आधी आमच्याच पालावर का?"

याची मुळं १८३६च्या ठगीविरोधी कायद्यात आहेत. एरवी खटल्यात कोणी, कुठं, कधी, काय केलं ते शाबीत करावं लागतं. या कायद्यानं ती अटच काढून टाकली. माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं ठरलं की सक्तमजुरीची जन्मठेप. टोळीत तो कायदा होण्याआधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, काही फरक नाही. त्या 'बाहेर'मध्ये निजामाच्या ताब्यातला आपला मराठवाडाही आला. १८४३मध्ये हीच तरतूद दरोडेखोरांना लावली.

आणि पुरावा? बहुतेकदा माफीच्या साक्षीदाराची जबानी. ज्याच्या डोक्यावर फाशी टांगली आहे तो कोणाकोणाची नावं घेईल, विचार करा. ठगी मोडून काढायची मोहीम चालवणाऱ्या स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्यानं अशा जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी मांडल्या: आजा, बाप, लेक. मला सगळ्यात घातक हेच वाटतं. गुन्हा तिथं रक्ताला चिकटला. पुढे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जमातीच्या जमाती नोंदवहीत गेल्या. हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही.

दरोड्यांत माणसं मारली जात, लुटलेल्याला न्याय हवाच होता, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी तान्ह्या पोराचं नाव कशाला लागतं?

३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा गेला. मुंबई राज्यानं १९५९मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. दरोड्याला पाच माणसं लागतात, ही १८६०च्या भारतीय दंड संहितेतली व्याख्या आजच्या न्याय संहितेच्या कलम ३१०मध्ये तशीच आहे. दरोडेखोरांच्या टोळीत असणं हा वेगळा गुन्हाही त्यातच आहे. मात्र ती टोळी नेहमी दरोडे घालण्यासाठीच जमलेली होती, हे सरकार पक्षाला शाबीत करावं लागतं. नातं किंवा जात हा त्याचा पुरावा नाही.

तेव्हा कोणाला उचललं तर वेळ लिहून ठेवा, अटकेचं कारण विचारा, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचा आग्रह धरा. घटनेचं कलम २२ तुमच्यासाठीही आहे. आणि रात्री असली तरी मला फोन करा.