एका गुणाने हुकलेला हंगाम

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन फुटबॉलविषयी वाचताना मी 1943 च्या आयोवा प्री-फ्लाइट ‘सीहॉक्स’ संघापाशी हमखास रेंगाळतो. भावी वैमानिकांसाठी नौदलाने आयोवा विद्यापीठाच्या आवारात चालवलेल्या प्रशिक्षण केंद्राचा हा संघ. त्यात व्यावसायिक खेळाडूही असत, त्यामुळे महाविद्यालयीन पोरांशी त्यांची गाठ घालणे मला फारसे न्याय्य वाटत नाही. प्रशिक्षक डॉन फॉरो यांच्या ‘स्प्लिट-टी’ आक्रमण पद्धतीत क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू) चेंडू घेऊन दोन्ही संघ आमनेसामने उभे राहतात त्या रेषेला समांतर धावे आणि समोरचा बचावपटू अंगावर आला तर चेंडू साथीदाराकडे फेके, नाहीतर स्वतःच मुसंडी मारे. सहायक प्रशिक्षक बड विल्किन्सन आणि जिम टेटम यांनी ही विद्या इथेच आत्मसात केली आणि पुढे अनुक्रमे ओक्लाहोमा व मेरिलँड या विद्यापीठांच्या संघांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

20 नोव्हेंबरला साउथ बेंड येथे देशात अव्वल असलेल्या नोटर डेम विद्यापीठाच्या संघाशी सामना झाला. टचडाउननंतरच्या अतिरिक्त गुणासाठी सीहॉक्सनी मारलेली किक गोलखांबावर आदळली आणि सीहॉक्स 14-13 असे हरले. पुढच्याच आठवड्यात ग्रेट लेक्स या दुसऱ्या नौदल संघाने नोटर डेमला 19-14 असे नमवले, तरी मतदानाने ठरणारे राष्ट्रीय विजेतेपद नोटर डेमकडेच राहिले. नऊ विजय आणि एक पराभव अशी कामगिरी करणारे सीहॉक्स दुसऱ्या क्रमांकावर थांबले.